मोलकरीण असो वा मालकीण

बाथ, १४ सप्टेंबर १९८९

प्रिय बेरिल,

पोचले. हेस्टरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे ही गोष्ट कॅनडाला जाताना तिने सोयीस्करपणे सांगायची राहू दिली. तिच्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि त्या बदल्यात नाताळापर्यंत इथे फुकट राहायचं, असा आमचा करार. माझ्या गुडघ्यांना विचारलं असतं तर त्यांनी सही केली नसती. फोन आहे, पण माझ्या कानांपुढे तो म्हणजे नुसती शोभा. तेव्हा तू पत्रच लिही, आणि अक्षर नीट काढ.

काल रोमन स्नानगृहं पाहिली. आमच्या वाटाड्या बाईने एका शिलालेखाचा अर्थ धादांत चुकीचा सांगितला, तो मी सगळ्या जर्मन पाहुण्यांसमोर दुरुस्त केला. ती रडवेली झाली. मुलींना जन्मभर लॅटिन शिकवल्यावर रडवेल्या चेहऱ्यांचं काही वाटत नाही.

पण एक गोष्ट मनापासून आवडली. काचेच्या पेटीत शिशाचे पातळ पत्रे ठेवलेत, नखाने कोरावेत तसे कोरलेले. लोक आंघोळीला उतरले की कोणीतरी त्यांचे कपडे पळवायचं. मग ते सुलिस देवीला तक्रार लिहायचे, पत्र्याची गुंडाळी करायचे आणि झऱ्यात टाकायचे. कोणाचा झगा, कोणाचे हातमोजे, कोणाची कढई. ‘ज्याने नेली तो पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू नये, आरोग्य लाभू नये, जोवर तो ती तुझ्या देवळात स्वतः आणून देत नाही.’ संशय असेल त्यांची नावंसुद्धा खाली लिहायची. आपल्या चॅपलमध्ये शत्रूंसाठी प्रार्थना करतात त्यापेक्षा हे किती सरळ!

म्हणून मीही एक केला. हेस्टरच्या छपराच्या डागडुजीतून उरलेली शिशाची पट्टी मिळाली. आईच्या चोरीला गेलेल्या गार्नेटच्या ब्रोचसाठी. शुद्ध लॅटिनमध्ये, फक्त ‘गुलाम असो वा स्वतंत्र’च्या जागी ‘मोलकरीण असो वा मालकीण’ असं घातलं. खाली नाव लिहिलं ग्लॅडिस प्यू. दुसरं कोणाचं लिहिणार? आई गेली त्या दुपारी खोलीत शेवटची तीच होती, असं तूच तर सांगितलंस. आणि आज सकाळी टाकून आले झऱ्यात.

तुझी,
एनिड


हॅलोक्रॉफ्ट, २० सप्टेंबर

प्रिय एनिड,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की चहा सांडला. या वयात तुला काय काय सुचतं! शाळेतल्या मुलींनी पाहायला हवं होतं.

ग्लॅडिस बरी आहे. बरी म्हणजे, आता तर जरा जास्तच बरी. आपण तिला कामावरून काढलं त्याला नऊ वर्षं झाली, आणि लोक विसरले ग. आपण पोलिसांत गेलो नाही हा आपलाच चांगुलपणा नडला. गेल्या ईस्टरला आपले पाद्री मिस्टर लग यांनी चॅपलची किल्ली तिच्या हातात दिली. फुलं ती मांडते, चहा ती करते, झाडलोट ती करते, आणि रविवारी दारात उभी राहून ‘या, बसा’ असं म्हणते, जणू घर हिच्या बापाचं. आपल्या आईची उष्टी भांडी घासणारी बाई! मी आपली मान डोलावते आणि पुढे जाते. ती मात्र डोळ्याला डोळा भिडवून बघते.

झोपेबद्दल म्हणशील तर मला लागत नाहीच, पण ती हृदयाच्या गोळ्यांमुळे. डॉक्टर तसंच म्हणाले.

एक विचारू? त्यात नाव लिहायलाच हवं होतं का? म्हणजे लिहिलंस ते लिहिलंस. दुसरं कोणाचं नाही ना लिहिलंस?

तुझी,
बेरिल


बाथ, २७ सप्टेंबर

प्रिय बेरिल,

नाही, एकच नाव. दुसरं कोणाचं लिहायला हवं होतं का? पट्टीचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे. माझी काही चूक झाली असेल, नाव बदलायला हवं असेल, तर आत्ताच कळव. मी चुका दुरुस्त करून घेते, हे तुला माहीत आहे. लहानपणी तुझी गृहपाठाची वही कोणी तपासली?

नियम मात्र कडक आहेत. शाप परत घेता येत नाही. क्षमा मागून, रडून, चॅपलमध्ये भजनं म्हणून काही होत नाही. चोराने स्वतः यायचं आणि वस्तू या पाण्यात टाकायची, एवढी एकच वाट. तोवर झोप नाही.

उलट टपाली उत्तर दे. मी वाट पाहते आहे.

एनिड


हॅलोक्रॉफ्ट, ९ ऑक्टोबर

प्रिय एनिड,

चूक कसली? नाव बरोबर आहे. राहू दे तसंच.

उशीर झाला, कारण चॅपलमधल्या सुगीच्या जेवणाची तयारी होती. यंदा मी प्लमचा मुरंबा दिला, सगळ्यांनी नावाजला. आणि ऐक, गंमत म्हणून तुझी ती शिशाची गोष्ट मी टेबलावर सांगितली. नाव काही घेतलं नाही हं. नुसतं म्हटलं, ‘आमच्या एनिडने बाथला आईच्या ब्रोचसाठी शाप टाकलाय, आता चोर तो स्वतः जाऊन त्या पाण्यात टाकत नाही तोवर त्याची झोप उडणार.’ पोस्टातल्या मिसेस ट्रॉटला तेवढं पुरलं. तिने मान वळवून चहाच्या टेबलाकडे पाहिलं, मग तिच्या शेजारणीने पाहिलं, मग सगळ्यांनीच. ग्लॅडिसच्या हातात बशांची चळत होती. वरची बशी पडली.

मिसेस ट्रॉट म्हणाली, ‘काय ग ग्लॅडिस, हल्ली झोप येते ना?’

‘कापणीचे दिवस आहेत बाई, पडल्या पडल्या लागते,’ ती म्हणाली. पण आवाज चिरकला होता. सगळे हसले, मीही हसले. तशी वाईट माणसं नाहीत ग आपली. पण त्यानंतर तिने ओतलेला चहा कितीतरी जणांनी तसाच ठेवला.

आता दुकानात, बस थांब्यावर, जो तो तिला तेच विचारतो. काल मी पाहिलं, तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तुझी देवी कामाची दिसते!

तुझी,
बेरिल


हॅलोक्रॉफ्ट, १७ ऑक्टोबर

मिस एनिड यांना,

तुमचा पत्ता मी पोस्टातनं घेतला, राग मानू नका. मला लिहायची सवय नाही, तरी लिहिते.

तुम्ही तिकडे पाण्यात माझं नाव टाकलंय असं सगळे म्हणतात. मी चॅपलची बाई आहे, मी त्या देवीबिवीला मानत नाही. पण लोक मानतात, म्हणजे मानत नाहीत, पण मजा म्हणून बोलतात, आणि बोलता बोलता खरं धरतात. मला झोप येत नाही हे खरं आहे. जिला सगळं गाव रोज झोप आली का विचारतं तिला कशी येईल?

तुमच्या आईची मी शेवटची दोन वर्षं सगळी सेवा केली. पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. ब्रोच मी घेतला नाही. तेव्हाही हेच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही दोघी बहिणी मालकिणी होता, तुम्ही म्हणालात जा, मी गेले. नंतर मान खाली घालून राहिले, त्यानंतर कुठे लोकांनी परत दारात घेतलं. ती चॅपलची किल्ली मला माझ्या नवऱ्याच्या पेन्शनपेक्षा मोठी आहे. ती गेली तर माझ्याजवळ काही उरत नाही.

माझं नाव तेवढं काढून घ्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला त्याची रीत माहीत असेल. मिस बेरिल यांना दोन ओळी लिहा की ते खोटं आहे, त्या गावात सांगतील.

तुमची,
ग्लॅडिस प्यू


बाथ, २० ऑक्टोबर

मिसेस प्यू यांना,

तुमचं पत्र मिळालं. लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. पूर्णविराम वाक्याच्या शेवटी येतो, श्वास संपेल तिथे नव्हे.

शिसं तळाला गेलं आहे आणि कोणासाठीही वर येणार नाही. निरपराध माणसासाठी रोमन लोकांनी वेगळी रीत ठेवलेली नाही. त्याला त्रास होत नाही असं ते धरून चालत. तुम्हाला त्रास होत आहे, याचा अर्थ काय घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

माझी बहीण काय सांगते यावर माझा ताबा नाही. तिच्याकडे तुम्ही स्वतः का जात नाही? दार वाजवा आणि तिला विचारा. काय म्हणते ते मला कळवायला विसरू नका.

एनिड हॅरोबी


बाथ, २ नोव्हेंबर

प्रिय बेरिल,

ग्लॅडिस तुझ्याकडे आली होती आणि तू पडदा ओढून घेतलास म्हणे. हे मला तिच्याकडूनच कळलं, कारण काल ती इथे आली.

मी रोज सकाळी झऱ्यापाशी जाऊन बसते, गुडघ्यांना ती वाफ बरी वाटते. समोर पाहते तर ग्लॅडिस, चॅपलला घालते तो काळा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. मला पाहून ती जवळ आली. मी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. ते तिने पाहिलं, तरी बोलत राहिली. मला ओठ वाचता येतात हे तिला कुठे माहीत! ‘मिस एनिड, मला तो पत्रा वरनं दाखवा तरी. मी त्याच्यावर माझी प्रार्थना म्हणते, मग जे व्हायचं ते होवो.’ पुढे म्हणाली, ‘तुमची आई शेवटी मला पोरी म्हणायची.’ हे मला माहीत नव्हतं. मला ती कधी म्हणाली नाही.

मी म्हटलं, ‘पाणी आज फार हिरवं दिसतंय, नाही?’

ती कठड्याशी गेली, ओठ हलले, आणि सगळे पर्यटक टाकतात तसं तिने पर्समधून दोन पेन्सचं नाणं काढून पाण्यात सोडलं. मी स्पष्ट पाहिलं, नाणंच होतं. रखवालदाराने तिला खुर्ची दिली. पावसात भिजून आली होती, खोकत होती. मी बन खायला वरच्या हॉलमध्ये गेले. परत आले तेव्हा ती गेली होती.

तुला अजून काही लिहायचं नाही का, बेरिल?

एनिड


हॅलोक्रॉफ्ट, २६ नोव्हेंबर

प्रिय एनिड,

किती दिवसांनी लिहितेय! पण इथे इतकं काही झालं की काही विचारू नकोस.

ग्लॅडिस बाथला गेली त्या दिवशी मिसेस ट्रॉट नाताळाच्या खरेदीला तिकडेच आलेली होती. तिने डोळ्यांनी पाहिलं, ग्लॅडिस कठड्यावरून वाकली आणि हातातलं काहीतरी तिने पाण्यात टाकलं! झालं. ग्लॅडिसची संध्याकाळची बस यायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं. मीच तर सुगीच्या जेवणात सांगितलं होतं ना, चोराने स्वतः जाऊन वस्तू पाण्यात टाकायची म्हणून. लोकांनी दोन आणि दोन चार केले. कोणी तिला चोर म्हणालं नाही. उलट सगळे म्हणाले, बिचारीने शेवटी परत केला, बरं झालं, आता तिला झोप येईल. सगळे तिच्याशी इतक्या गोडीने बोलत होते!

तू लिहिलंस की नाणं होतं. पण मला कोणी विचारलंच नाही.

ती घरोघर जाऊन सांगत होती, ‘मी पैसा टाकला, दोन पेन्स टाकले.’ ‘हो ग हो,’ म्हणायचे लोक. मिस्टर लगनी तिला बसवून घेतलं, प्रार्थना केली, म्हणाले, ‘ग्लॅडिस, ओझं उतरलंय तुझं, आता थोडी विश्रांती घे.’ आणि किल्ली मागून घेतली. आता ती किल्ली मिसेस ट्रॉटकडे आहे. चहा अगदी पाणचट करते, पण असो.

त्यानंतर ग्लॅडिस बाहेर पडली नाही. खोकला छातीत उतरला होता. डॉक्टरला बोलावलं नाही, शेगडी पेटवली नाही. स्विंडनहून लेक आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. गुरुवारी मातीला गेले होते. मी पांढऱ्या शेवंतीचं चक्र पाठवलं, आपल्या दोघींच्या नावाने.

मला मात्र हल्ली छान झोप लागते. डॉक्टरांनी गोळी बदलली.

नाताळाला ये. मागची खोली गरम करून ठेवते.

तुझी,
बेरिल


बाथ, ३० नोव्हेंबर

बेरिल,

मी पाण्यात काहीही टाकलेलं नाही.

ना पट्टी, ना लॅटिन, ना नाव. सत्तरी उलटलेली बाई एका पुरातन झऱ्यात छपराचं शिसं टाकेल, असं तुला वाटलं तरी कसं? आई गेली त्या दुपारी मी जिन्यावर होते. दार अर्धं उघडं होतं. ग्लॅडिस खाली पाणी गरम करत होती आणि तू आईच्या गळ्याशी वाकली होतीस. मला वाटलं पापा घेते आहेस. मग तू ब्रोच मोज्यात सरकवलास.

मी तेव्हा बोलले नाही, कारण तू स्वतः बोलावंस असं मला वाटत होतं. नऊ वर्षं वाट पाहिली. इथे ते पत्रे पाहिले आणि मनात आलं, हिला एक संधी देऊ या. ग्लॅडिसचं नाव मुद्दाम लिहिलं. म्हटलं, दुसरीच्या माथी जातंय म्हटल्यावर तरी ही तोंड उघडेल. पहिल्या पत्राला नाही उघडलंस. दुसऱ्याला मी अक्षरशः पाटी पुढे केली, ‘चूक असेल तर कळव.’ तू लिहिलंस, ‘नाव बरोबर आहे.’ तिसऱ्याला तुला सांगितलं की नाणं होतं. तू ते गिळून बसलीस.

मी आयुष्यात इतकी ढ मुलगी पाहिली नाही.

एनिड


हॅलोक्रॉफ्ट, ५ डिसेंबर

प्रिय एनिड,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग शेगडीत घातलं.

हो, घेतला. आई तो तुला देणार होती. तुला, जी वर्षातून दोनदा यायची आणि औषधाच्या बाटलीवरचं स्पेलिंग तपासायची. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या पायाशी. घेतला, आणि दर रविवारी कॉलरच्या आतून लावते. ग्लॅडिसच्या मातीलाही लावला होता.

पण तू कोणत्या तोंडाने बोलतेस? मी घाबरून गप्प बसले, मी भित्रीच आहे, आईही म्हणायची. तू कशाला गप्प बसलीस? ग्लॅडिसला काढायचं पत्र तुझ्या अक्षरात आहे. तिने विनवणी केली, ती तू तपासून परत पाठवलीस. ती तुझ्यासमोर उभी राहिली तेव्हा ‘मी काही टाकलेलं नाही’ एवढं म्हणायचं होतं. तू कान काढून खिशात ठेवलास. मला परीक्षेला बसवायचं होतं ना तुला? मग पाटी म्हणून ती बाई कशाला घेतलीस? आता उगाच हळवी होऊ नकोस, तुला ते जमत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ग्लॅडिसची लेक मिस्टर लगकडे रोज येऊन बसते. ब्रोच पाण्यात आहे तर काढून दाखवा म्हणते. तिला काहीही नको, फक्त नाताळच्या सभेत हॅरोबी बहिणींनी उभं राहून एवढं म्हणावं की तिची आई चोर नव्हती. मग ती तिच्या घराला कुलूप लावून स्विंडनला जाईल. मिस्टर लग माझ्याकडे आले होते. फार अवघडले होते. मी म्हटलं, एनिडला विचारते, थोरली ती आहे.

तू बोलणार असशील तर मला आधी कळव. म्हणजे मी आजारी पडेन. नाहीतर मिस्टर लगना काय सांगू ते लिही.

तुझी,
बेरिल


बाथ, ९ डिसेंबर

प्रिय बेरिल,

बावीस तारखेच्या दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर टॅक्सी पाठव, बस नको. कोंबडी मोठी आण, टर्की मला पचत नाही. मागची खोली ओलसर असते, मला आईची हवी.

तुझ्या पत्राच्या पहिल्या भागाबद्दल आपण भेटल्यावर बोलू, किंवा नको बोलूया. मी हॅलोक्रॉफ्टच्या चॅपलमध्ये उभी राहून आपल्या घरातलं काही सांगणार नाही. वडिलांचं नाव त्या दाराशी दगडात कोरलेलं आहे. शिवाय मी काय सांगायचं? सत्य सांगायचं तर ते शेवटपर्यंत सांगावं लागेल, आणि शेवटी माझं नाव येतं.

लेकीशी गोड बोल. ती दुःखात आहे आणि तिला पुस्तकी शिक्षण नाही. केकचा एक तुकडा तिच्याकडे पाठव.

मिस्टर लगना सांग, आम्हा दोघी बहिणींच्या मनात ग्लॅडिसविषयी काहीही नाही. आम्ही तिला केव्हाच माफ केलं आहे.

तुझी,
एनिड